वॉर्फची पोथी

वॉर्फ हा ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या १९८७ साली सुरू झालेल्या मालिकेतला, क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीचा अधिकारी. कपाळावर हाडांचे उंचवटे, खर्जातला आवाज आणि चेहरा कायम गंभीर. तो लहान असतानाच त्याचे आईवडील एका हल्ल्यात मारले गेले आणि मूळच्या रशियन असलेल्या मानवी जोडप्याने त्याला पोटच्या मुलासारखं वाढवलं. क्लिंगॉन रीतिरिवाज त्याला आईच्या मांडीवर मिळाले नाहीत. ते त्याने शोधले, अभ्यासले आणि जिवापाड जपले. म्हणूनच बाकीच्या क्लिंगॉनांपेक्षा तो जास्त कडक आहे. १९९१ सालच्या एका भागात जहाजावरच्या उपाहारगृहातली गायनन त्याला म्हणते, तुला कधी हसताना पाहिलं नाही. क्लिंगॉन हसत नसतात, असं तो ठणकावतो. त्यावर ती सांगते की हसतात, मी ऐकलंय.

हा प्रसंग पाहिला की मला आधुनिक पेगन आठवतात. ‘पेगन’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘पागानुस’वरून आला, त्याचा मूळ अर्थ गावखेड्यातला माणूस. ख्रिस्ती धर्म शहरांतून पसरला तेव्हा जुने देव न सोडणाऱ्यांना हे नाव चिकटलं. पुढे हजारेक वर्षांत ते देव युरोपातून जवळजवळ पुसले गेले. विसाव्या शतकात काही माणसांनी ते पुन्हा मनापासून पुजायला घेतले. पण या माणसांचं बालपण चर्चच्या घंटा ऐकत गेलेलं किंवा धर्माविना गेलेलं. आजीने शिकवलेलं स्तोत्र नाही, घराण्याचा कुळाचार नाही. जे मिळवायचं ते ग्रंथालयातून. प्रत्येक जण थोडाफार वॉर्फच.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला आणि सुमारे १३ हजारांनी ‘विक्का’. त्याआधी, २००१ च्या जनगणनेत, तिथेच ३,९०,१२७ लोकांनी ‘जेडाय’ असं लिहिलं होतं. ‘स्टार वॉर्स’मधल्या योद्ध्यांचा धर्म! बहुतेकांनी ते गंमत म्हणून लिहिलं. पण विज्ञानकथा आणि पेगन धर्म यांचं नातं या गमतीपेक्षा बरंच खोल आहे. अमेरिकन पत्रकार मार्गोट अॅडलर यांनी १९७९ साली तिथल्या पेगन चळवळीचा पहिला मोठा धांडोळा प्रसिद्ध केला. त्यांना जागोजागी भेटले ते विज्ञानकथांचे कट्टर वाचक. आपला पंथ कुठल्या परग्रहवासीयांसारखा आहे, यावर हे लोक आपसात हसतात. त्या हसण्यात अचूक निरीक्षण असतं, म्हणून त्याचा मागोवा घ्यावासा वाटतो.

विक्कापासून सुरुवात करू, कारण गंमत तिथे सगळ्यात जास्त आहे.

विक्का या आधुनिक चेटूक-पंथाचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर हा इंग्रज माणूस. आयुष्याचा मोठा भाग त्याने सिलोन, बोर्निओ आणि मलायात काढला. मलायात तो जकात खात्यात होता आणि १९३६ साली निवृत्त होऊन इंग्लंडला परतला. आपल्याला न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या चेटकिणींच्या मंडळात १९३९ साली दीक्षा मिळाली, असं तो सांगे. त्या काळी इंग्लंडात जादूटोण्याविरुद्धचा १७३५ चा कायदा अजून लागू होता. म्हणून गार्डनरने आपले विधी १९४९ साली एका कादंबरीतून मांडले, तेही टोपणनावाने. कायदा १९५१ साली रद्द झाला आणि मग १९५४ मध्ये त्याने उघडपणे पुस्तक लिहिलं. म्हणजे या धर्माने छापील जगात पहिलं पाऊल टाकलं ते कथेच्या रूपात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

गार्डनर नग्नतावादी होता. हर्टफर्डशायरमधल्या ब्रिकेट वुड इथल्या नग्नतावाद्यांच्या क्लबाच्या आवारात त्याच्या मंडळाची बैठक भरे आणि विधी वस्त्राविना होत. त्यासाठी विक्कन लोक वापरतात त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘आकाश नेसलेले’. मराठी वाचकाला तो समजावून सांगायची गरज नाही. आपल्या ‘दिगंबर’ शब्दाचा अर्थ तोच.

आता ‘स्टार ट्रेक’मधले बेटाझॉइड पाहा. हे लोक मनकवडे आहेत आणि त्यांच्याकडे पारंपरिक लग्नात वधू, वर आणि पाहुणे सगळे नग्न असतात. दुसऱ्याच्या मनातलं सगळं दिसतच असेल तर अंगावरच्या कापडाने काय झाकणार? विक्कन लोकही हेच म्हणतात: वर्तुळात उभं राहायचं ते काहीही न लपवता. साम्य इथेच संपत नाही. बेटाझॉइड घराण्यातल्या लक्साना ट्रॉय या बाई स्वतःची ओळख करून देताना पाचव्या घराण्याची कन्या, रिक्सच्या पवित्र चषकाची धारक, बेटाझेडच्या पवित्र अंगठ्यांची वारस अशी बिरुदं ऐकवतात. विक्कातही तीन पायऱ्यांची दीक्षा आहे, महापुरोहित-महापुरोहितिणी आहेत, गुप्त नावं आहेत, आणि वेदीवर चषक तर हवाच. एका भागात लक्सानाबाईंची मुलगी डियाना वैतागून सांगून टाकते की तो पवित्र चषक म्हणजे आत बुरशी वाढलेलं जुनं मातीचं भांडं आहे.

या विनोदावर विक्कन लोक मोकळेपणाने हसू शकतात, कारण त्यांच्याकडे एक खरी डियाना होऊन गेली. डोरीन व्हॅलिएंटे. गार्डनरकडून तिने १९५३ साली दीक्षा घेतली. विधींची पोथी हातात आल्यावर या वाचक बाईने लगेच ओळखलं की यातले कितीतरी उतारे प्राचीन नाहीत, ते अॅलिस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्यावाद्याच्या लिखाणातले आहेत. तिने ते गार्डनरला तोंडावर सांगितलं. तुला जमत असेल तर तू चांगलं लिही, असं तो म्हणाला आणि तिने लिहिलं. आज विक्कन विधींत जे काव्य हृदयाला भिडतं, त्यातलं बरंचसं तिचं आहे. भांड्यातली बुरशी तिला दिसली. तिने भांडं फेकलं नाही, घासून घेतलं. पुढे १९५७ साली गार्डनरने अचानक ‘प्राचीन नियमावली’ पुढे केली. पुरोहितीण वयस्क झाली की तिने तरुणीसाठी जागा सोडावी, असंही त्यात होतं. तेव्हा मात्र ती त्याला सोडून गेली. या चळवळीत मला सर्वांत आदर वाटतो तो या बाईबद्दल.

प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणाऱ्या आधुनिक ड्रुइडांचं साम्य मला ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेतल्या मिनबारी या परग्रहवासीयांशी दिसतं. वरवर पाहता ते झग्यांचं आणि संथ विधींचं साम्य आहे. एका भागात मिनबारी डिलेन कॅप्टन शेरिडनला आपल्या पद्धतीचं जेवण वाढते. घासाघासाला ध्यान आणि विराम. शेवटी बिचाऱ्याला ताटावरच झोप लागते. पहाटेपासून थंडीत उभं राहून ड्रुइडांचा सूर्योदयाचा विधी पाहिलेल्याला त्याची दया येईल. दोघांनाही तीन या आकड्याचं वेड आहे. मिनबारींचे पुरोहित, योद्धे आणि कामकरी असे तीन वर्ग. ड्रुइडांच्या भाट, द्रष्टा आणि ड्रुइड अशा तीन पायऱ्या.

खरं साम्य मात्र इतिहासात आहे. मिनबारींचा हजार वर्षांपूर्वीचा थोर प्रेषित व्हॅलेन हा प्रत्यक्षात पुढच्या काळातला माणूस आहे, हे मालिकेत १९९६ साली उघड होतं. सिंक्लेअर नावाचा मानव काळ ओलांडून मागे जातो आणि मिनबारींचा आद्यपुरुष होतो. आता वेल्समधल्या एडवर्ड विल्यम्सची गोष्ट ऐका. १७४७ ते १८२६ हा त्याचा काळ. पेशाने दगडकाम करणारा, वृत्तीने कवी, अफूच्या अर्काच्या आहारी गेलेला. ‘इओलो मॉर्गनुग’ हे त्याने घेतलेलं नाव. प्राचीन ड्रुइडांनी आपलं ज्ञान लिहून ठेवलं नाही, ते तोंडी शिकवत, हे ज्यूलियस सीझरने नोंदवून ठेवलंय. ती रिकामी जागा इओलोने भरली. जुनी हस्तलिखितं, विधी, वचनं, अगदी ड्रुइडांची म्हणून एक लिपीसुद्धा त्याने स्वतः रचली आणि प्राचीन म्हणून पुढे केली. १७९२ साली लंडनमधल्या प्रिमरोझ हिलवर त्याने भाटांची पहिली सभा भरवली. ही बनावट उघड व्हायला कितीतरी दशकं गेली. तोवर त्याची सभा वेल्सच्या राष्ट्रीय साहित्यसोहळ्याचा भाग झाली होती. १८१९ मध्ये ती त्या सोहळ्याला जोडली गेली आणि आजही तिथे कवींचा सन्मान त्याच विधींनी होतो. काळयंत्राशिवाय भूतकाळात जाऊन तिथला आद्यपुरुष झालेला हा माणूस. त्याने केलेली फसवणूक मला मान्य नाही. पण एका दबलेल्या भाषेच्या कवींना त्याने जे दिलं ते खोटं म्हणवत नाही.

अमेरिकेतल्या एका ड्रुइड शाखेचा जन्म तर आणखी वेगळा. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात विद्यार्थ्यांना धार्मिक सभांना हजेरी लावणं सक्तीचं होतं. १९६३ साली काही मुलांनी ‘आम्ही ड्रुइड आहोत’ असं जाहीर करून टेकडीवर स्वतःच्या सभा सुरू केल्या. पुढच्याच वर्षी सक्ती उठली. पंथ तिथेच संपायला हवा होता. पण मुलांच्या लक्षात आलं की झाडाखाली शांत उभं राहणं त्यांना आवडू लागलंय. ती शाखा अजून टिकून आहे.

आता क्लिंगॉनांकडे. नॉर्स देव मानणाऱ्या हीदन लोकांना क्लिंगॉन म्हणणं हा या साऱ्या खेळातला सर्वांत सोपा विनोद आहे. दाढ्या, शिंगातून प्यायचं मद्य, पूर्वजांच्या नावाने घोट, पराक्रमाच्या बढाया. हीदनांच्या ‘सुंबेल’ या विधीत शिंग हातोहात फिरतं. प्रत्येक जण देवाला, पूर्वजाला किंवा स्वतःच्या शपथेला स्मरून पितो. क्लिंगॉनांच्या मेजवानीत रक्तमद्याचा पेला फिरतो. तेवढ्यावर थांबलं तर मात्र ओळख चुकते. १९७२ साली आइसलँडमध्ये ‘आसात्रू’ हे हीदनांचं मंडळ स्थापन झालं. त्याचे पहिले प्रमुख स्वेनब्योर्न बेन्तेन्सन हे लांब पांढऱ्या दाढीचे मेंढपाळ शेतकरी आणि कवी. तलवारीशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांचं शस्त्र म्हणजे ‘रीमूर’ हे आइसलँडचं जुनं वृत्तबद्ध गायन. धर्माला मान्यता मागायला ते मंत्र्यांकडे जाऊन आले आणि लगोलग विजा कडाडून रेक्याविकच्या काही भागातली वीज गेली, अशी आठवण तिथे सांगतात. १९७३ साली मान्यता मिळाली. थोर हा मेघगर्जनेचाच देव.

म्हणून मला हीदनांत क्लिंगॉनांइतकेच टमेरियनही दिसतात. ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या १९९१ सालच्या एका भागात भेटणारे हे लोक थेट काहीच बोलत नाहीत, प्रत्येक भावना कुठल्यातरी पुराणकथेतल्या प्रसंगाच्या नावाने सांगतात. कथा माहीत नसेल तर शब्द कळूनही अर्थ कळत नाही. जुन्या नॉर्स कवितेची रीत हीच. जहाजाला जहाज न म्हणता लाटांचा घोडा म्हणायचं. सोन्याला कुठल्यातरी देवीचे अश्रू. आपल्याकडे सगळं सांगून झाल्यावरही कुणी मूळ मुद्दाच विचारला की माणूस ‘रामायण ऐकून रामाची सीता कोण’ म्हणतो, तेव्हा तो क्षणभर टमेरियनच असतो. ही कविता समजण्यासाठी हीदनांना एद्दा आणि सागा या जुन्या आइसलँडी रचना वाचाव्या लागतात. गृहपाठ असलेला धर्म, असं ते स्वतःच्या धर्माबद्दल हसून सांगतात. त्यातही पेच आहे. स्नोरी स्टुर्लुसनने गद्य एद्दा लिहिली ती १२२० च्या सुमारास, आणि आइसलँड ख्रिस्ती झालं होतं साधारण १००० साली. म्हणजे देवांची पोथी त्या देवांना न मानणाऱ्या माणसाने दोनशे वर्षांनी लिहिलेली. आणि ‘स्टारगेट’ मालिकेत १९९८ साली थोर प्रकट झाला तो मोठ्या डोक्याचा, काटकुळा, करड्या रंगाचा बुटका परग्रहवासी म्हणून! गळ्यात हातोड्याचं पदक घालणाऱ्यांनी तेव्हा काय तोंड केलं असेल, याची कल्पना करून मला अजून हसू येतं.

एका ठिकाणी हे हसू थांबवावंच लागतं. युद्ध, रक्त आणि पूर्वज यांच्या गोष्टी काही जणांना फार आवडतात, आणि नॉर्स चिन्हं वंशद्वेष्ट्यांनी बळकावलेली आहेत. ज्यांना या देवांवर फक्त गोऱ्यांचा हक्क वाटतो, त्यांच्याशी संबंध नाकारणारं जाहीर निवेदन अनेक हीदन गटांनी २०१६ साली काढलं. त्याला १२७ हा आकडा दिला, कारण वाईट दिसलं तर गप्प बसू नये असं ‘हावामाल’ या जुन्या काव्यातलं १२७वं कडवं सांगतं. गृहपाठ असा कामी येतो. हसू थांबवणारी दुसरी गोष्ट थडग्यांची. अमेरिकी सैनिकांच्या समाधीशिळेवर धर्मचिन्ह कोरतात. अफगाणिस्तानात मरण पावलेल्या एका विक्कन सार्जंटच्या पत्नीला त्याच्या शिळेवर वर्तुळातली पंचकोनी चांदणी कोरून घेण्यासाठी झगडावं लागलं. २००७ साली ते चिन्ह मान्य झालं. थोरचा हातोडा मान्य व्हायला २०१३ साल उजाडलं.

वॉर्फची माझी सर्वांत आवडती गोष्ट १९९३ सालची. क्लिंगॉनांचा आद्यवीर काहलेस परत येईल अशी भविष्यवाणी असते आणि तो खरोखर प्रकट होतो. वॉर्फ भारावून जातो. मग कळतं की पुरोहितांनी एका पवित्र सुऱ्यावरच्या वाळलेल्या रक्तापासून त्याची जैविक प्रतिकृती घडवली आहे. आता काय करायचं? लपवायचं की त्याला हाकलायचं? वॉर्फ तिसरा मार्ग सुचवतो: लोकांना खरं सांगा आणि तरीही याला सम्राट करा, तो काहलेस नसला तरी काहलेसची शिकवण त्याच्या तोंडी आहे. १९९९ साली ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनल्ड हटन यांनी विक्काचा इतिहास सविस्तर लिहिला. अखंड चालत आलेल्या प्राचीन धर्माचा पुरावा नाही, हा धर्म आधुनिक इंग्लंडात घडला, हे त्यांनी दाखवून दिलं. काही जण रागावले. पण पुष्कळ विक्कनांनी ते पुस्तक विकत घेतलं, वाचलं, शिष्यांना वाचायला दिलं आणि पौर्णिमेला पुन्हा वर्तुळात उभे राहिले. पूर्वजांचं खोटं इतक्या शांतपणे पचवणारे धार्मिक समाज फार थोडे असतील.

देव म्हणजे नेमके कोण, यावर पेगनांत जे मतभेद आहेत ते ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेत जसेच्या तसे सापडतात. तिथे अंतराळातल्या एका विवरात काळाच्या बाहेर राहणारे जीव आहेत. बजोरी लोक त्यांना प्रेषित म्हणून पुजतात; वैज्ञानिक त्यांना विवरातले परके जीव म्हणतात. कॅप्टन सिस्को दोघांच्या मध्ये उभा. देव खरोखर वेगवेगळे, स्वतंत्र आहेत असं मानणारे पेगन आणि ते मानवी मनातले आकृतिबंध आहेत असं मानणारे पेगन एकाच शेकोटीभोवती बसतात, आणि नैवेद्य दोघंही ठेवतात.

कथेतून धर्म झाल्याचं दुसरं उदाहरण आता सांगतो. रॉबर्ट हाइनलाइनची १९६१ सालची ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ ही कादंबरी. मंगळावर जन्मलेला, मंगळवासीयांनी वाढवलेला एक माणूस पृथ्वीवर येतो. म्हणजे उलटा वॉर्फच. मंगळावर पाणी दुर्मीळ, म्हणून कुणाबरोबर पाणी वाटून पिणं हा तिथला सर्वांत पवित्र करार. मिसुरीतल्या वेस्टमिन्स्टर कॉलेजातल्या टिम झेल आणि लान्स ख्रिस्टी या दोन विद्यार्थ्यांनी ही कादंबरी वाचली आणि ७ एप्रिल १९६२ रोजी एकमेकांबरोबर पाणी वाटून प्यायलं. त्यातून ‘चर्च ऑफ ऑल वर्ल्ड्स’ उभं राहिलं आणि १९७० साली अमेरिकी करखात्याने त्याला धर्मसंस्था म्हणून मान्यता दिली. त्यांच्या ‘ग्रीन एग’ या नियतकालिकातून अमेरिकेतल्या विखुरलेल्या पेगनांना एकमेकांचा पत्ता लागला. पेगन वर्षचक्रातल्या काही सणांची आज रूढ असलेली नावं एडन केली यांनी १९७४ च्या सुमारास सुचवली. ती पसरली याच अंकांतून. इतर पंथांची परग्रहवासीयांशी तुलना करावी लागते. हा पंथ तिथूनच आला.

हे वर्षचक्र आठ सणांचं आहे. दोन अयनदिन, दोन संपातदिन आणि त्यांच्या मधले चार. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यावर सगळा डोलारा. ऑस्ट्रेलियातले पेगन म्हणूनच हिवाळ्याचा यूल जूनमध्ये करतात. आता कुणी विक्कन मंगळावर राहायला गेली असं धरा. मंगळाचा आसही सुमारे पंचवीस अंश कललेला, म्हणजे ऋतू आहेत आणि आठही सण जमतील. पण वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं आणि कक्षा लंबवर्तुळाकार. त्यामुळे उत्तर गोलार्धातला वसंत मंगळाचे १९४ दिवस चालतो आणि शरद १४२ दिवसांत आटपतो. पौर्णिमेचं तर विचारूच नका. चंद्र दोन. त्यातला फोबोस साडेसात तासांच्या आसपास प्रदक्षिणा संपवतो, पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. त्याची पौर्णिमा दिवसातून तीनदा पाळायची की नाही, हे तिथल्या पहिल्या मंडळाला वाद घालून ठरवावं लागेल. नवी पोथी लिहावी लागेल आणि ती प्राचीन आहे असं सांगायची सोय उरणार नाही. नग्न होऊन वर्तुळात उभं राहायचं तर घुमटाच्या आत. मध्ये वेदी, वेदीवर चषक, आणि चषकात मंगळाच्या बर्फापासून कष्टाने मिळवलेलं पेलाभर पाणी, जे सगळ्यांना पुरवून प्यावं लागेल.